पिवळा उंदीर, पुण्याचं बाळ आणि पालेभाजीचा समोसा

गरोदरपणात घेतलेली व्हिटॅमिनची गोळी आईच्या रक्तातल्या साखरेचं काय करते? बाळाच्या अंगावर चरबी किती चढणार, त्याला पुढे मधुमेह गाठणार की नाही, यात तिचा काही हात असतो का? जगभरच्या प्रयोगशाळा या प्रश्नांमागे लागल्या आहेत. त्यातली काही सर्वांत चकित करणारी उत्तरं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आणि पुण्याजवळच्या कोरडवाहू खेड्यांतून आली आहेत. त्यातलीच ही काही, चवीचवीने वाचण्यासारखी.

रंग बदलला, जनुक तेच

अगुटी नावाच्या जनुकात एक विशिष्ट बदल झालेला उंदीर लगेच ओळखू येतो. अंग पिवळंधमक, पोट सुटलेलं, भूक कायम आणि वय वाढलं की मधुमेहाकडे वाटचाल. हे जनुक त्याच्या शरीरात सतत चालू राहतं, म्हणून हा सगळा प्रकार. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी एक प्रयोग केला. अशी पिल्लं ज्यांच्या पोटी येणार होती त्या माद्यांना गाभण राहण्याच्या दोन आठवडे आधीपासून फॉलिक ॲसिड, बी-१२, कोलीन आणि बीटेन असा जादा खुराक दिला. जनुक तेच, पिंजरा तोच. तरीही जन्मलेल्या पिल्लांत तपकिरी पिल्लांचं प्रमाण वाढलं, आणि या जातीत तपकिरी रंग म्हणजे सडपातळ, निरोगी उंदीर.

घडलं ते असं. या खुराकातून शरीराला मिथाइल गट मिळतात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढीच ती पिटुकली जोडणी. ती डीएनएवर जाऊन बसते आणि जनुकाचा आवाज खाली आणते. माणसाच्या अगुटी जनुकात हा विशिष्ट बदल नाही, त्यामुळे उंदरांचा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण आईच्या ताटातली व्हिटॅमिनं बाळाच्या जनुकांवर कायमची खूण ठेवू शकतात, हे त्या पिल्लांच्या रंगाने नुसत्या डोळ्यांना दाखवून दिलं.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात दोन शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या भाषेत दोघेही उत्तम. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं एकच असल्याने हा फोटो 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून जगभरच्या व्याख्यानांत दाखवला जातो. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला चाळिशीतच मधुमेह का होतो, याचं निम्मं उत्तर या एका चित्रात आहे. उरलेलं निम्मं त्याच्या जन्माआधीच्या नऊ महिन्यांत शोधावं लागलं.

पावणेतीन किलोतली लपलेली चरबी

त्यासाठी याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पोचले. शेतीवर आणि पावसावर जगणारी ही गावं. लग्न झालेल्या तरुण बायकांची नोंद ठेवायची, दिवस गेले की त्यांचं खाणं, काम, रक्त, सगळं तपासायचं आणि जन्मलेल्या बाळाचा माग वर्षानुवर्षं ठेवायचा, अशी ही योजना. 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' या नावाने आज ती जगभर माहीत आहे.

इथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास जन्मली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. सगळ्यांना वाटलं होतं, लहान बाळ म्हणजे सगळंच लहान असणार. पण मोजमाप घेतल्यावर दिसलं की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खूपच कमी भरलेले आहेत, पाठीवर कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून आहे. बाहेरून हडकुळं, आतून चरबीदार. 'थिन-फॅट बेबी' हा शब्दप्रयोग इथूनच जगभर रुळला.

आणखी एक धक्का याच गावांनी दिला. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या बायकांच्या आहाराचा हिशेब मांडला. किती उष्मांक पोटात गेले, किती प्रथिनं गेली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळांशी! ज्या बायका वारंवार पालेभाजी खात, त्यांची बाळं थोडी मोठी होती. 'दोन जिवांची आहेस, दोन घास जास्त खा' असं प्रत्येक घरात सांगतात. त्या दोन घासांत काय आहे, हे जास्त महत्त्वाचं निघालं. याच पाहणीतून असंही दिसलं की शेतात राबणाऱ्या, लांबून पाणी वाहणाऱ्या बायकांची बाळं आकाराने लहान होती. व्हिटॅमिनविषयी बोलताना ते पाण्याचे हंडे विसरून चालणार नाही.

आयुष्यभरासाठी तीन तांदूळ

आता या गोष्टीचा खरा नायक. बी-१२ हे व्हिटॅमिन ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाईम्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि दूध, मांस यांतून ते आपल्यापर्यंत येतं. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट हा धातू बसलेला असतो. या किचकट रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ पर्यंत उलगडली. १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रौढ माणसाला दिवसाला लागतं किती? भारतीय शिफारशीनुसार २.२ मायक्रोग्रॅम. गणित करून पाहा: सत्तर वर्षांचं मिळून सुमारे ५६ मिलिग्रॅम होतं, म्हणजे तांदळाच्या जेमतेम तीन दाण्यांचं वजन. एवढंसं लागतं, आणि तेवढंही आपल्याकडे मिळत नाही. पुण्याच्या त्या गावांत जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. जेवण शाकाहारी किंवा सणावारापुरतं मांसाहारी, आणि दूध घरात निघालं तरी बरंचसं डेअरीला जाणारं.

जोडीतला एक भरपूर, दुसरा गायब

या मजकुरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता येते, म्हणून जरा सावकाश सांगते.

फॉलिक ॲसिड आणि बी-१२ शरीरात जोडीने काम करतात. दोघं मिळून होमोसिस्टीन नावाच्या त्रासदायक पदार्थाचं मिथिओनिनमध्ये रूपांतर करतात, आणि त्यातूनच ते मिथाइल गट तयार होतात, उंदराचा रंग पालटणारे. यात बी-१२ कमी पडलं की फोलेट, म्हणजे शरीरातलं फॉलिक ॲसिड, एका रूपात अडकून बसतं. ते असूनही उपयोगाचं राहत नाही आणि होमोसिस्टीन साचत जातं. बी-१२ ला आणखी एक स्वतंत्र काम आहे, पेशीतल्या मायटोकाँड्रियात. तिथे ते कमी पडलं की मिथाइलमॅलोनिक ॲसिड साचतं. त्यामुळे चरबी जाळण्याची वाट अडते आणि चरबी साठत राहते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

पुण्याच्या बायकांत फोलेटची ददात जवळपास नव्हतीच. संपूर्ण पाहणीत फोलेट कमी असलेली बाई एकच सापडली. पालेभाज्या, डाळी आणि वर सरकारी कार्यक्रमातली फॉलिक ॲसिडची गोळी. म्हणजे फोलेट भरपूर आणि बी-१२ ची बोंब.

या बायकांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. २००८ मध्ये छापून आलेले निष्कर्ष असे: गरोदरपणात आईचं फोलेट जितकं जास्त, तितकी मुलाच्या अंगात चरबी जास्त आणि इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्तीही जास्त. सगळ्यांत जास्त इन्सुलिन-प्रतिरोध कुणात? ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट खूप जास्त होतं, त्या मुलांत.

आईसाठीही बी-१२ ची ही कमतरता निरुपद्रवी नाही. म्हैसूरच्या एका पाहणीत बी-१२ कमी असलेल्या गरोदर बायकांचं वजन जास्त होतं, इन्सुलिन-प्रतिरोध जास्त होता आणि गर्भारपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही जास्त होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हे वाचून कुणीही फॉलिक ॲसिड बंद करू नये. ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हेत, आणि फॉलिक ॲसिड बाळाला ज्या व्यंगापासून वाचवतं त्याचा पुरावा भक्कम आहे. तो पुढे येतोच. पुण्याचा मुद्दा इतकाच, की जोडीतल्या दुसऱ्यालाही बोलवा.

नेपाळची वेगळी साक्ष

पुण्याचं उत्तर पक्कं झालं असं वाटत असतानाच नेपाळच्या तराईतल्या सर्लाही जिल्ह्यातून वेगळीच बातमी आली. तिथे गरोदर बायकांना गटागटाने वेगवेगळ्या गोळ्या दिल्या होत्या, आणि २००९ मध्ये त्यांच्या सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आयांना फॉलिक ॲसिड मिळालं होतं, त्या मुलांत मूत्रपिंडाच्या बिघाडाची खूण आणि चयापचयाच्या विकारांचा एकत्रित धोका, दोन्ही कमी आढळले! नेमका डोस किती, आईच्या रक्तात आधीपासून काय होतं, सोबत आणखी काय दिलं, यावर एकच व्हिटॅमिन दोन गावांत दोन तऱ्हांनी वागतं. म्हणून दुसऱ्या देशातल्या संशोधनाची बातमी वाचून आपल्या गोळ्या बदलू नयेत.

पालेभाजीचा समोसा आणि आईची साखर

गोळीऐवजी खाऊ दिला तर? २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत नेमका हाच प्रयोग झाला. प्रकल्पाचं नाव 'सरस'. डॉ. रमेश पोतदार यांची वांद्र्याची संस्था आणि साउदम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांनी साडेसहा हजारांवर बायकांना यात घेतलं. मूल व्हावं असं वाटणाऱ्या बायकांना दिवस राहण्याआधीपासूनच रोज एक खाऊ. समोशासारखा, भज्यासारखा, म्हणजे मुंबईकराच्या जिभेला ओळखीचा. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारख्या कमी सत्त्वाच्या भाज्या. बायका केंद्रावर यायच्या, समोर बसून खायच्या आणि खाल्ल्याची नोंद व्हायची.

निकाल? सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर बाळाच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पण गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. त्याहून मोठी बातमी आईच्या बाजूने होती. साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के बायकांना गर्भारपणातला मधुमेह झाला, पालेभाजी-फळं-दुधाच्या गटात फक्त ७.३ टक्के. कोणतंही औषध नाही, सुई नाही. मेथी-पालकाच्या जातीची भाजी रोज पोटात गेली आणि साखर आटोक्यात राहिली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत मुंबईत झालेल्या संशोधनातली ही सर्वांत आनंदाची बातमी आहे, आणि ती चाळीचाळीतून सांगितली गेली पाहिजे.

गिरणगावातल्या बायका आणि मार्माइट

आता जरा मागे जाऊ. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका एका भयंकर रक्तक्षयाने मरत होत्या. लाल पेशी फुगून मोठ्या व्हायच्या, बाई पांढरीफटक पडायची. परळच्या हाफकिन संस्थेत राहून लुसीबाईंनी वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचं खाणं तपासलं. ज्यांच्या ताटात भाज्या, फळं आणि दूध नाही, त्याच सर्वांत जास्त आजारी. म्हणजे सरस प्रकल्पाचा खाऊ ज्या तीन गोष्टींनी भरला होता, त्याच तीन गोष्टी त्याच्या सुमारे ऐंशी वर्षं आधी मुंबईतच हरवलेल्या सापडल्या होत्या!

उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग झाले. रक्तक्षय झालेलं एक माकड कशानेच बरं होईना, तेव्हा त्याला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. माकड टुणटुणीत झालं. मग बायकांना दिलं, त्याही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये लुसीबाईंनी हे छापलं, आणि यीस्टमधल्या त्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. तोच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या गटाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे आज जगातली प्रत्येक गरोदर बाई जी गोळी घेते, तिची पहिली खूण गिरणगावातल्या बायकांच्या रक्तात सापडली. त्या बायकांची नावं कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत, याची मला खंत वाटते.

अठ्ठाविसाव्या दिवशी दार बंद

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटून पूर्ण होते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेक घरांत तोवर चाचणीसुद्धा झालेली नसते. नळी नीट मिटली नाही तर पाठीच्या कण्याचं गंभीर व्यंग राहतं. १९९१ मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांच्या चाचणीचा निकाल आला: आधीच्या बाळाला असं व्यंग असलेल्या आयांना दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. वैद्यकात इतका स्वच्छ निकाल क्वचितच लागतो.

म्हणूनच 'दिवस गेले की गोळ्या चालू करू' हा हिशेब चुकतो. मूल हवं असं ठरलं की तेव्हापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, अशी शिफारस आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी मात्र ५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे साडेबारा पट. ती ज्यांना खरोखर लागते त्यांना डॉक्टर लिहून देतातच. बाकीच्यांनी चिठ्ठीवरचा आकडा एकदा वाचावा आणि डॉक्टरांना विचारावं.

मेंढीच्या पोटातले सहा दिवस

२००७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मेंढ्यांवर केलेला प्रयोग मला सगळ्यांत थक्क करतो. माद्यांच्या चाऱ्यातलं बी-१२, फोलेट आणि मिथिओनिन कमी केलं, तेही गर्भधारणेच्या आठ आठवडे आधीपासून ते फक्त सहाव्या दिवसापर्यंत. मग ते इवलेसे भ्रूण काढून उत्तम खाणाऱ्या दुसऱ्या मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले. उरलेलं सगळं गर्भारपण सुखात गेलं. कोकरं जन्मली, वजन अगदी नेहमीसारखं. कुणाला शंकाही येणार नाही. पण ती मोठी झाल्यावर जास्त वजनाची, जास्त चरबीची निघाली. इन्सुलिन त्यांच्यावर नीट काम करेना आणि रक्तदाब चढलेला. नरांमध्ये हे जास्तच ठळक. जन्माच्या वेळचं वजन पाहून 'सगळं छान आहे' म्हणणं किती अपुरं आहे, ते या कोकरांनी शिकवलं.

माणसांतही याची झलक दिसते. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात पावसाळा आणि कोरडा ऋतू यांत खाणं पार बदलतं. कोणत्या ऋतूत गर्भ राहिला, यावरून तिथल्या मुलांच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा वेगळ्या आढळल्या आहेत.

दसपट व्हिटॅमिन, जादा भूक

थोडं चांगलं तर खूप अजून चांगलं? टोरोंटो विद्यापीठात गाभण उंदरांना शिफारशीच्या दहापट मल्टिव्हिटॅमिन दिलं. २००८ मध्ये छापलेला निकाल असा, की त्यांची नर पिल्लं जास्त खाऊ लागली, जाड झाली आणि त्यांच्यात चयापचयाच्या विकारांची लक्षणं दिसली. पुढची गंमत २०१३ ची. अशाच आयांच्या पिल्लांना दूध तुटल्यावर जादा व्हिटॅमिनचाच आहार चालू ठेवला, तर हा बिघाड टळला. गर्भात पिल्लू बाहेरच्या जगाचा अंदाज बांधत असतं आणि अंदाज चुकला की शरीर गडबडतं, असं त्यावरून वाटतं.

झटपट पाच

वार म्हणजे मुकाट नळी नाही. ती बी-१२ आणि फोलेट बाळाकडे जोर लावून ओढते, त्यामुळे नाळेच्या रक्तात ही दोन्ही आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतात. व्हिटॅमिन डीच्या बाबतीत मात्र बाळाची पातळी आईपेक्षा खाली राहते.

१९३३ मध्ये टेक्सासच्या फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला व्हिटॅमिन ए नसलेला आहार दिला. तिला ११ पिल्लं झाली, एकालाही डोळे नव्हते. पुढे पुरेसं ए मिळालेल्या माद्यांना डोळस पिल्लं झाली. आईच्या आहारात एक व्हिटॅमिन नसल्याने जन्मजात व्यंग येतं, हे पहिल्यांदा तेव्हा कळलं. उलट टोकही तितकंच घातक: रेटिनॉलच्या रूपातलं ए दिवसाला १०,००० युनिटांवर गेलं तर बाळात व्यंगाचा धोका वाढतो, असं १९९५ च्या अमेरिकी पाहणीत दिसलं. म्हणूनच ब्रिटनमध्ये गरोदर बायकांना कलेजी टाळायला सांगतात. गाजर, भोपळा, पालेभाज्या यांतलं कॅरोटीन मात्र खुशाल खावं.

ब्रिटनमधल्या एका चाचणीत गरोदर बायकांना रोज १,००० युनिट डी दिलं. सगळ्या बाळांच्या हाडांत फरक पडला नाही. फरक पडला तो हिवाळ्यात जन्मलेल्यांत! ढाक्यात आठवड्याला २८,००० युनिटांपर्यंत डोस देऊनही बाळांची उंची वाढली नाही.

सी आणि ई मिळून गर्भारपणातला रक्तदाबाचा विकार थोपवतील, अशी मोठी आशा होती. २००६ मध्ये सुमारे २,४०० ब्रिटिश बायकांवरची चाचणी संपली. विकार थांबला नाही, उलट कमी वजनाची बाळं वाढली.

२०१७ मध्ये सिडनीच्या सॅली डनवुडी यांनी दाखवलं की काही जन्मजात व्यंगांमागे शरीरात एनएडी हा रेणू कमी पडणं असतं, आणि उंदरांत नायसिनने (म्हणजे बी-३ ने) ती व्यंगं टळतात. लगेच ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांनी व्हेजिमाइट खा अशा बातम्या छापल्या. व्हेजिमाइट हे मार्माइटचंच ऑस्ट्रेलियन भावंड! पण उंदरावरून थेट न्याहारीच्या टेबलावर उडी मारणं घाईचं होतं.

फरक दिसला दुसऱ्या वाढदिवसाला

ब्रिटन, सिंगापूर आणि न्यूझीलंडमध्ये मूल हवं असलेल्या १,७२९ बायकांना घेऊन 'निपर' नावाची चाचणी झाली. एका गटाला नेहमीची पूरक पोषकं; दुसऱ्याला त्यांच्यासोबत मायो-इनोसिटॉल, प्रोबायोटिक आणि जास्तीची बी-२, बी-६, बी-१२, डी आणि जस्त. मूळ हेतू आईची साखर सुधारण्याचा होता. २०२१ मध्ये निकाल आला: साखरेत फरक नाही, मधुमेहही कमी झाला नाही. मुदतीआधीच्या प्रसूती मात्र कमी झाल्या. गोष्ट इथे संपली असती, पण मुलांचा पाठपुरावा चालू राहिला. दोन वर्षांची झाल्यावर मुलांतलं अति-बीएमआयचं प्रमाण पाहिलं, तर साध्या गटात १८ टक्के आणि दुसऱ्या गटात ९ टक्के. आईच्या रक्ततपासणीत न दिसलेला परिणाम मुलाच्या अंगावर दिसला. अशा चाचण्यांचे पैसे प्रसूतीबरोबर संपवायचे नसतात, हे सरकारांनी यातून घ्यायला हवं.

पुण्याच्या मुलांची मुलं

१९९३ च्या पाहणीतली बाळं मोठी झाली. २०१२ मध्ये, ती साधारण सतरा वर्षांची असताना, 'प्रिया' नावाची चाचणी सुरू झाली. मुलींना आणि मुलांनाही रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं, काहींना त्यासोबत आणखी पोषकं, आणि लग्न होऊन मूल होईपर्यंत ते चालू ठेवायचं. गावातल्या पोरांनी वर्षानुवर्षं रोज गोळी खाल्ली, हेच मुळात थोर आहे. नुसत्या २ मायक्रोग्रॅमने आईच्या आणि नाळेच्या रक्तातलं बी-१२ वाढलं. पुढे ही तिसरी पिढी दोन वर्षांची झाल्यावर बुद्धी आणि भाषेच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा नुसतं बी-१२ मिळालेल्या आयांची मुलं सरस ठरली. जास्त पोषकांचा मोठा संच मिळालेल्या गटात मात्र तसा फायदा दिसला नाही.

लाल गोळीत काय नाही

आशाताई गरोदर बाईच्या हातात देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि ती १८० दिवस घ्यायची असते. बी-१२ तिच्यात नाही. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात ते घालायचा नियम आहे: किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम, फॉलिक ॲसिड मात्र ७५ ते १२५. रोज पाव किलो असा तांदूळ शिजवला तरी बी-१२ मिळतं साधारण पाव मायक्रोग्रॅम, गरजेच्या एक नवमांशही जेमतेम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून गरोदर बायकांसाठीची बहुपोषक गोळी आहे, आणि तिच्यात लोह-फॉलिक ॲसिडच्या जोडीला बी-१२ सुद्धा आहे. याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की लोह आणि फॉलिक ॲसिडच्या सरकारी कार्यक्रमात बी-१२ मिसळा. पुण्याच्या सहा गावांनी तीन पिढ्या रक्त देऊन ही माहिती गोळा केली आहे. लाल गोळीत ते २ मायक्रोग्रॅम आता यायला हवेत. तोवर पहिल्या तपासणीला जाताना हिमोग्लोबिनसोबत बी-१२ ही तपासायचं का, असं डॉक्टरांना जरूर विचारा.